आधी ओळख, मग जबाबदारी

शाळा उघडायच्या सुमारास, ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिन येतो. मग महिनाभर शाळाशाळांतून चित्रकला, वक्तृत्व आणि घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. पहिली-दुसरीतल्या मुलांची चित्रे पाहिली तर त्यांत काही गोष्टी हमखास दिसतात. रडणारी पृथ्वी, तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, वितळत्या हिमखंडावर एकटे उभे असलेले पांढरे अस्वल, अर्धे हिरवे आणि अर्धे वाळलेले झाड. चित्रे सुबक असतात. पण ती काढणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘शाळेच्या फाटकाशी कोणते झाड आहे? त्यावर कोणता पक्षी येतो?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. उत्तर ध्रुवावरच्या अस्वलाची त्याने काळजी करावी, अशी आपली अपेक्षा असते आणि दारातला करंज मात्र त्याच्या ओळखीचा नसतो.

हे काही आपल्याच मुलांचे नाही. अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ४ ते ११ वर्षांच्या शाळकरी मुलांना काही चित्रे दाखवली होती. निम्मी चित्रे तिथल्या नेहमीच्या झाडांची, प्राण्यांची आणि कीटकांची होती. निम्मी ‘पोकेमॉन’मधल्या काल्पनिक प्राण्यांची. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या पाहणीचे निष्कर्ष आले. आठ वर्षांच्या मुलांना सुमारे ८० टक्के पोकेमॉन ओळखता आले; खऱ्या जिवांपैकी निम्मेही ओळखता आले नाहीत. नावे लक्षात ठेवण्याची मुलांची ताकद अफाट असते. तिच्यापुढे आपण काय ठेवतो, यावर बाकीचे अवलंबून आहे.

पर्यावरण हा विषय आपल्या शाळांत नाही, असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते. ‘बालभारती’चे परिसर अभ्यासाचे पुस्तक तिसरीपासून मुलांच्या दप्तरात असते. २००१-०२ पासून ‘राष्ट्रीय हरित सेने’च्या नावाने शाळांमध्ये पर्यावरण मंडळे चालतात. त्यामुळे विषय शिकवायचा की नाही, हा वाद उरलेला नाही. लहान वयात तो कसा शिकवायचा, कोणत्या वयाला काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याबद्दल गेल्या चार दशकांत बरेच संशोधन झाले आहे आणि ते पालकांच्या व शिक्षकांच्या थेट उपयोगाचे आहे.

आवड कुठून येते?

मोठेपणी निसर्गासाठी झटणाऱ्या माणसांना ही ओढ कुठून लागली, हा प्रश्न अमेरिकेतील थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये विचारला. संवर्धनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना त्यांनी आपापल्या आयुष्याबद्दल लिहायला सांगितले. पुढे लुईस चावला यांनी अमेरिकेतील केंटकी राज्य आणि नॉर्वे इथल्या पन्नासहून अधिक पर्यावरण कार्यकर्त्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. उत्तरांत दोन गोष्टी पुन:पुन्हा आल्या. पहिली, लहानपणी एखाद्या मोकळ्या जागी भरपूर वेळ घालवलेला असणे. ही जागा म्हणजे घनदाट अरण्यच होते असे नाही. ओढा, टेकडी, शेताचा बांध, पडीक जमीन असे काहीही होते. दुसरी गोष्ट म्हणजे घरातले एखादे मोठे माणूस. आई, वडील, आजी, काका, असे कुणीतरी स्वत: थांबून पाहणारे आणि मुलालाही थांबून पाहू देणारे.

नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकिस यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या शहरांत राहणाऱ्या सुमारे २,००० प्रौढांच्या माहितीचा अभ्यास केला. वयाची अकरा वर्षे पूर्ण होण्याआधी जी मुले रानात भटकली, खेळली, मुक्कामाला राहिली, त्यांना मोठेपणी पर्यावरणाबद्दल अधिक आस्था असल्याचे आणि त्यांचे वागणेही तसे असल्याचे दिसले. फुले तोडणे, रोपे लावणे, बागेत काम करणे यांचाही संबंध दिसला, पण तो त्यामानाने सौम्य होता.

अर्थात, अशा अभ्यासांना मर्यादा असतात. माणसे आठवून सांगतात आणि आठवणींवर आजच्या आवडीचा रंग चढतो. ज्या घरात निसर्गाची आवड आहे तिथली मुले बाहेर जास्त जात असतील, हेही शक्य आहे. त्यामुळे ‘मुलाला टेकडीवर नेले की ते पर्यावरणप्रेमी होणारच’ असे गणित मांडता येत नाही. पण वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या पद्धतीने केलेली पाहणी एकाच दिशेला बोट दाखवते, तेव्हा तिकडे लक्ष द्यायला हवे. काळजी ही ओळखीतून येते आणि ओळख सहवासातून. माणसांच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊक असतेच.

वयापेक्षा मोठे ओझे

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ मध्ये एक मुद्दा मांडला, त्यावर आजही चर्चा होते. जंगलतोड, नामशेष होणारे प्राणी, वितळणारे बर्फ अशा संकटांचा मारा फार लहान वयात केला तर मुले निसर्गाच्या जवळ येण्याऐवजी त्यापासून मनाने दूर जातात, असे त्यांचे म्हणणे होते. जे सतत दु:खाचे आणि धोक्याचे म्हणून समोर येते, त्याकडे पाठ फिरवणे हा मनाचा स्वत:ला सांभाळण्याचा मार्ग असतो. म्हणून त्यांनी ढोबळ टप्पे सुचवले. सुमारे ४ ते ७ या वयात प्राणी-पक्ष्यांबद्दल आपुलकी. ८ ते ११ या वयात आजूबाजूचा परिसर पायाखाली घालणे. आणि १२ वर्षांनंतर सामाजिक प्रश्न आणि कृती.

बालमानसशास्त्राच्या दृष्टीनेही यात तथ्य आहे. पाच वर्षांच्या मुलाला ‘पन्नास वर्षांनंतर’ म्हणजे काय, हे कळत नाही. ‘समुद्राची पातळी वाढणार आहे’ असे त्याने ऐकले तर ती उद्याच आपल्या घरात शिरेल असे त्याला वाटू शकते. शिवाय या वयात मुले घडणाऱ्या गोष्टींचा संबंध स्वत:शी जोडतात. ‘तू नळ उघडा ठेवलास म्हणून धरण आटले’ हे वाक्य मोठ्यांच्या दृष्टीने अतिशयोक्ती असते. मूल ते खरे मानते.

मोठ्या मुलांच्या मनात हे ओझे किती साचते, याची कल्पना २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आलेल्या एका पाहणीतून येते. भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वर्षांच्या १०,००० तरुण-तरुणींना हवामान बदलाबद्दल विचारले गेले. त्यांतील ५९ टक्के जणांनी आपल्याला खूप किंवा अतिशय चिंता वाटते असे सांगितले. या चिंतेचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांहून अधिक जणांचे म्हणणे होते. ही पाहणी लहान मुलांची नव्हती. पण ज्या वयात माणूस मत देऊ शकतो, नोकरी निवडू शकतो, त्या वयातही ही चिंता पेलणे जड जाते. ती सहा वर्षांच्या मुलाच्या हाती देताना आपण विचार करायला हवा.

याचा अर्थ मुलांपासून सत्य लपवावे असा नाही. आपल्याकडची मुले संकटे चित्रात पाहत नाहीत, अनुभवतात. कोल्हापूर-सांगलीच्या पुरात ज्यांचे घर बुडाले, मराठवाड्यात ज्यांच्या घरी टँकरने पाणी येते, त्या मुलांना काय सांगू नये याचा विचार निरर्थक आहे. अशा मुलाने विचारले तर त्याला कळेल एवढे, खरे आणि थोडक्यात सांगावे आणि ‘मोठी माणसे यावर काम करत आहेत, त्यात आपण हे एवढे करू’ असे पुढे जोडावे. मुलाच्या प्रश्नाएवढेच उत्तर द्यावे. त्याने न विचारलेल्या प्रलयाचे वर्णन करण्याची गरज नसते.

‘छी, हात लावू नकोस!’

एक-दीड वर्षाचे मूल मुंगीमागे रांगत जाते, गांडूळ बोटाने ढकलून पाहते. तेच मूल पाच वर्षांचे होईपर्यंत झुरळ, अळी, पाल, चिखल या सगळ्यांना सारखेच ‘ई’ करायला लागते. मधल्या काळात काय घडते?

फ्रीडरिके जेरुल आणि रोनाल्ड रॅपी या ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५ ते २० महिन्यांच्या मुलांना रबरी साप आणि रबरी कोळी दाखवले. त्याच वेळी त्यांच्या आईने चेहऱ्यावर कधी भीती-किळस, तर कधी आनंद दाखवला. आईचा चेहरा घाबरलेला पाहिलेल्या मुलांनी नंतर ती वस्तू पुन्हा समोर आल्यावर, आईने चेहरा नेहमीसारखा ठेवला असतानाही, तिच्या जवळ जाणे टाळले. एकदा पाहिलेला चेहरा त्यांना पुरला होता.

विंचू-सापापासून जपायला शिकवणे आवश्यकच आहे. पण सावधगिरी वेगळी आणि किळस वेगळी. ‘ही केसाळ अळी आहे, हिला हात लावला की खाज सुटते, आपण लांबून पाहू’ या वाक्यात माहिती आहे, काळजी आहे आणि कुतूहलही शाबूत राहते. नुसत्या ‘छी!’मध्ये यातले काहीच नसते. पर्यावरण शिक्षणाची सुरुवात मुलापेक्षा मोठ्यांच्या चेहऱ्यापासून करावी लागते, ती अशी.

मातीचा औषधी गुण

या विषयाला आरोग्याचीही एक बाजू आहे. फिनलंडमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये एक प्रयोग मांडला. ३ ते ५ वर्षांची ७५ मुले, १० पाळणाघरे आणि २८ दिवस. चार पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, शेवाळ, छोटी झुडपे आणि हिरवळ आणून बसवली. मुले रोज त्यात खेळली, माती उकरली, रोपे लावली. महिनाभरात या मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली. रक्ततपासणीत प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, म्हणजेच तिला उगाच भडकू न देणाऱ्या घटकांमध्ये वाढ दिसली. साध्या अंगणात खेळणाऱ्या मुलांत हे बदल तसे दिसले नाहीत.

प्रयोग छोटा होता आणि त्यातून दमा किंवा अॅलर्जी कमी झाली असे सिद्ध झालेले नाही. पण शरीराची संरक्षण यंत्रणा लहानपणी नाना प्रकारच्या निरुपद्रवी जिवाणूंशी ओळख करून घेत घडते, या विचाराला त्याने बळ दिले.

डोळ्यांच्या बाबतीतला पुरावा आणखी भक्कम आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे चाचणी झाली. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनंतर बाहेर जाणाऱ्या गटात ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे न दिसण्याचा दोष, आला; दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९.५ टक्के होते. डोळ्यांवर पडणारा दिवसाचा भरपूर उजेड हे याचे मुख्य कारण मानले जाते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीमच हाती घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३-४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि बसून पडदा पाहण्याचा वेळ एका तासाच्या वर जाऊ नये. शहरातल्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये हा हिशेब जमवणे कठीण असते. झाडाखाली, मैदानात, नदीकाठी तो आपोआप जमतो.

कोसबाडची टेकडी

मुलांच्या परिसरातूनच शिक्षण, ही कल्पना आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले प्रामुख्याने वारली आदिवासी समाजाची.

महागडी माँटेसरी साधने इथे परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, फुले, काटक्या ही साधने झाली. मोजणी बियांनी, रंगांची ओळख फुलांनी, लहान-मोठे पानांनी. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणावर गेली. या ‘कुरणशाळा’ मराठी शिक्षणाच्या इतिहासातले एक विलक्षण पान आहे. मुलांना घरी अंगणात जमवून शिकवण्याच्या त्यांच्या प्रयोगातून पुढे अंगणवाडीची कल्पना रुजली.

पर्यावरण शिक्षणाच्या दृष्टीने यात एक मोठा धडा आहे. वारली मुलांना रानातली झाडे, पाखरे, कंदमुळे आधीच ठाऊक होती. शाळेने त्यांचे ज्ञान अडाणीपणा मानले नाही. त्यावरच अक्षरे आणि आकडे उभे केले. आजही खेड्यातल्या कितीतरी मुलांना कोणत्या पावसात कोणती रानभाजी उगवते, कोणत्या खेकड्याचे बीळ कुठे असते, हे शहरी शिक्षकापेक्षा अधिक कळते. अशा वर्गात शिक्षकाने एक दिवस विद्यार्थी व्हायला हरकत नाही. टाकळा, कुर्डू, करटुली या भाज्या मुलांनी आणायच्या, नाव सांगायचे, घरी त्या कशा करतात ते सांगायचे. ज्या मुलाला इंग्रजीच्या तासाला मान खाली घालावी लागते, ते त्या दिवशी वर्गात ताठ बसते.

एक कुंडी पुरते

‘आमच्याकडे अंगण नाही, जंगल कुठून आणू?’ हा शहरातल्या पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी पुरते. तिच्यावर एकही औषध फवारायचे नाही, एवढीच अट. कधी ना कधी एक फुलपाखरू येऊन कोवळ्या पानावर अंडे घालून जाते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचे मऊ शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग एके दिवशी ती खाणे थांबवते, कोष करते आणि काही दिवसांनी त्यातून फुलपाखरू बाहेर येते. साधारण तीन-चार आठवड्यांचा हा कार्यक्रम असतो. या काळात फोडणीला कढीपत्ता थोडा कमी पडेल. पण आपल्या वाटणीचे थोडे दुसऱ्यासाठी ठेवायचे, हे त्या मुलाला कुणी सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली झाडे खातात. त्यामुळे कुंडीतल्या पाहुण्याचे नातेवाईक राज्य पातळीवरचे आहेत, हेही मुलांना सांगता येते.

दुसरा उपक्रम आरोग्याच्या थेट उपयोगाचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. हे काम सहा-सात वर्षांच्या मुलावर सोपवा. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचे डबे, टायर. वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या तर आधी काचेच्या ग्लासात घेऊन पाहू द्या, मग पाणी मातीत ओता. तळ्यात चतुराची पिल्ले याच डासांच्या अळ्या खातात, हे त्या वेळी सांगितले की चतुर उडताना दिसल्यावर मूल त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

तिसरा उपक्रम म्हणजे वर्षभरासाठी एक झाड दत्तक घेणे. रस्त्यावरचे, सोसायटीतले, शाळेतले कोणतेही. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जायचे, वहीत चित्र काढायचे. मृगाच्या पावसात खोडावर काय उगवले? श्रावणात कोण किडे आले? फाल्गुनात पाने गळली का? पिंपळ असेल तर तांबूस पालवी कधी फुटली? बहावा असेल तर पिवळे झुंबर कोणत्या तारखेला दिसले? दोन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की मुलाच्या हातात ऋतूंची स्वत:ची नोंद असते. हवामान बदल हा शब्द पुढे सातवी-आठवीत भेटेल तेव्हा त्याला धरायला काहीतरी असेल.

कचऱ्याबद्दलही असेच करता येते. ‘ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात’ हे पाठ करून घेण्यापेक्षा, हा कचरा पुढे कुठे जातो ते दाखवावे. तो वेगळा करणारी माणसे असतात, बहुतेक वेळा बायका, आणि त्यांना तो हाताने वेगळा करावा लागतो. पुण्यात कचरावेचकांनी ‘स्वच्छ’ ही स्वत:ची सहकारी संस्था उभी केली आहे. आपल्या घरी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचे नाव मुलाला माहीत असेल, तर फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी द्यायची, हे त्याला एकदाच सांगावे लागते.

बक्षीस कशाला?

शाळांची हौस मोठी असते. सर्वांत जास्त रोपे लावणाऱ्याला ढाल, सर्वांत जास्त प्लॅस्टिक गोळा करणाऱ्याला प्रमाणपत्र. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होऊ शकतो. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली तर एवढी लहान मुलेही आपणहून ती उचलून देतात. त्यांतल्या काही मुलांना प्रत्येक वेळी खेळणे बक्षीस दिले. नंतर बक्षीस बंद केल्यावर हीच मुले मदत करायला इतरांपेक्षा कमी तयार झाली. नुसते कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली मुले मात्र मदत करत राहिली.

रोप लावण्याचे बक्षीस फोटोच्या दिवशी मिळते आणि रोप मे महिन्यात पाण्यावाचून मरते, हे आपण दरवर्षी पाहतो. शाळेला काही मोजायचेच असेल तर किती रोपे लावली हे न मोजता, पुढच्या जूनमध्ये किती जगली ते मोजावे. मुलाने उन्हाळाभर पाणी घातले तर त्या झाडाखाली उभे राहून ‘हे तुझ्यामुळे जगले’ एवढे म्हणावे. ते त्याला पुरते.

मुले घराला शिकवतात, पण...

मुलांकडून शिक्षण घरात पोहोचते, हे खरे आहे. फटाकेमुक्त दिवाळीचा संकल्प शाळाशाळांत नेण्याचे काम महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षे केले आणि कितीतरी घरांत फटाके कमी झाले ते मुलांच्या हट्टामुळे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनारपट्टीवर १० ते १४ वर्षांच्या मुलांना हवामान बदल शिकवून, घरच्यांशी बोलायला लावणारा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आला. या मुलांच्या पालकांची आस्था वाढली. आणि मुलींचे म्हणणे वडिलांवर विशेष परिणाम करून गेले.

मात्र यात एक गफलत होण्याचा धोका आहे. ‘आता पुढची पिढीच काय ते करील’ असे म्हणून मोठी माणसे हात झटकतात. आठ वर्षांची मुलगी घरी कापडी पिशवीचा आग्रह धरू शकते. नदीत सोडले जाणारे सांडपाणी ती थांबवू शकत नाही, टेकडीवरचे बांधकाम रोखू शकत नाही, शाळेचे मैदान वाहनतळ होण्यापासून वाचवू शकत नाही. ती कामे मतदारांची, सोसायटीच्या सभासदांची, पालक संघाची आणि अधिकाऱ्यांची आहेत. शिवाय मुले बारकाईने पाहतात. गाडीच्या काचेतून वेफर्सचे पाकीट बाहेर फेकणाऱ्या बाबांनी स्वच्छतेवरचे भाषण लिहून दिले, तर मूल भाषण विसरते आणि पाकीट लक्षात ठेवते.

बाहेर खेळताना एवढे सांभाळा

- माती-चिखलात खेळल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात धुणे, नखे कापलेली असणे.
- उघड्यावर शौच होते किंवा कुत्र्या-मांजरांची घाण असते अशा जागी अनवाणी फिरू नये. अंकुशकृमी त्वचेतून शरीरात शिरतात.
- लसीकरण वेळेवर असावे. वयाच्या ५-६ वर्षांचा त्रिगुणी लशीचा बूस्टर आणि १० व्या व १६ व्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस अनेकदा राहून जाते.
- पुराच्या किंवा रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात खेळू देऊ नये. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पाय भिजले आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.
- कण्हेर सर्वांगाने विषारी असते; रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. अनोळखी फळे आणि अळंबी तोंडात घालायची नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.
- दगड, पालापाचोळा हाताने न उचलता काठीने हलवावा. साप चावलाच तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.
- दुपारच्या कडक उन्हात आणि हवा फार खराब असलेल्या दिवशी, विशेषत: दमा असलेल्या मुलांना, घरातच ठेवावे.

एवढी काळजी घेतली की उरते ते मोठ्यांनी वेळ काढण्याचे काम. सगळी नावे पालकांना माहीत असायलाच हवीत असे नाही. ‘मलाही माहीत नाही, आपण शोधू’ हे उत्तर मुलाला आवडते, कारण त्यात दोघे मिळून करायचे काहीतरी असते. आठवड्यातून एखादा तास, मोबाइल खिशात ठेवून, मुलाच्या चालीने चालायचे. ते मुंग्यांच्या रांगेपाशी दहा मिनिटे बसले तर आपणही बसायचे. घाई करायची ती मैदाने, टेकड्या आणि ओढे शिल्लक ठेवण्याची; कारण पुढच्या जूनमध्येही मुलाला बोट धरून नेण्यासाठी एखादी जागा उरायला हवी.